लंडनमध्ये फुटबॉलची मॅच बघायचीय? आधी तिकिटाचा हिशोब ऐका

जूनच्या मध्यात प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्यात वरच्या फुटबॉल लीगचं, वेळापत्रक जाहीर होतं आणि माझ्या फोनवर गावाकडचे मेसेज सुरू होतात. भाच्याचा असतो, भाच्याच्या मित्राचा असतो, कधी कधी तर ओळखपाळख नसलेल्याचाही. मजकूर एकच: "मामा, डिसेंबरात येतोय, आर्सेनल-लिव्हरपूलची दोन तिकिटं काढून ठेवा." जणू मी एमिरेट्सच्या, म्हणजे आर्सेनलच्या मैदानाच्या, तिकीट खिडकीतच बसतो. मी पूर्व लंडनमधल्या इलफर्डला राहतो, एका हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या शनिवारी जमेल ती मॅच बघतो. कोल्हापूरचा असल्यामुळे मॅच बघितल्याशिवाय चैन पडत नाही, आणि पगार मोजका असल्यामुळे तिकिटाचे पैसे मोजल्याशिवायही नाही. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या: क्लब ठरवून मग किंमत शोधायला गेलात तर लुटले जाल. उलटं करा. माणशी किती पौंड घालवायची तयारी आहे ते घरी बसून ठरवा आणि त्यात बसणारी मॅच शोधा. पौंड ढोबळमानाने १२० रुपये धरा. पंधरा-वीस पौंडांत लंडनमध्ये झकास फुटबॉल बघता येतो. तीस-चाळीसमध्ये व्यावसायिक लीगची मॅच होते, कधी नशिबाने प्रीमियर लीगच्या क्लबची कपमधली (बाद पद्धतीच्या स्पर्धेतली) मॅचही मिळते. त्या टीव्हीवरच्या मोठ्या नावांसाठी मात्र ऐंशी-शंभरची तयारी ठेवा, आणि तेवढे असूनही तिकीट मिळेलच असं नाही. मी देतोय ते आकडे अंदाजाचे आहेत, दर हंगामात हलतात. पक्का दर क्लबच्या स्वतःच्या साइटवरच बघायचा.

छापील दर आणि खरा खर्च

मोठ्या क्लबांच्या साइटवर साध्या जागेचा दर चाळीस पौंडांच्या आसपास सुरू होतो. तो बघून लोक म्हणतात, एवढंच? पण त्या दरात तिकीट उघड विक्रीला येतच नाही. क्लबच्या घरच्या मैदानावर हंगामात लीगच्या मॅचेस होतात फक्त १९. स्टेडियममधल्या बऱ्याचशा जागा सीझन तिकीटवाल्यांनी (हंगामभराचं तिकीट एकदम घेणाऱ्यांनी) आधीच धरलेल्या असतात. ती सीझन तिकिटं बापाकडून मुलाकडे जावीत तशी जपली जातात आणि नव्या माणसाला त्यासाठी वर्षानुवर्षं यादीत थांबावं लागतं. उरलेल्या जागा क्लबच्या सदस्यांना मिळतात. सदस्यत्व म्हणजे वर्षाला तीस ते पन्नास पौंड भरून मिळवलेला, तिकिटासाठी अर्ज करण्याचा हक्क. तिकीट नव्हे, नुसता अर्ज. मग सोडत निघते आणि नाव आलं तर तिकिटाचे पैसे वेगळे.

आणि हे सदस्यत्व दर माणशी लागतं. समजा आई-बाबा तुम्हाला भेटायला आलेत, तुम्ही आणि बहीण मिळून चौघं जाणार. सदस्यत्व चाळीस पौंड धरलं तर १६० झाले, तिकीट सत्तर धरलं तर २८०. बेरीज ४४० पौंड, म्हणजे त्रेपन्न हजार रुपयांच्या घरात. खेळ नव्वद मिनिटांचा. सोडतीत नाव आलं नाही तर १६० पौंड असेच गेले, कारण सदस्यत्वाची फी परत मिळत नाही.

त्यात पुन्हा बऱ्याच क्लबांनी मॅचेसची अ, ब, क अशी वर्गवारी केलेली असते. खुर्ची तीच, खांब तोच, पण समोर मोठा संघ असला की दर चढतो.

एवढं ऐकूनही मोठाच क्लब बघायचा असेल, तर निदान रीतीने बघा. सदस्यत्व हंगामाच्या आधीच, उन्हाळ्यात घ्या, कारण कित्येक क्लबांत तिकिटांची नोंदणी कित्येक आठवडे, कधी महिने आधी होऊन जाते. डिसेंबरात विमानातून उतरून सदस्यत्व घेणारा बहुधा नुसता टी-शर्ट घेऊन परत जातो. क वर्गाची मॅच मागा. आठवड्याच्या मधली, रात्री आठच्या सुमाराची, समोर एखादा लहान संघ असलेली, अशा मॅचला सोडतीत नंबर लागण्याची आशा जास्त. तिथेही नाही लागला तर क्लबच्याच साइटवरच्या अधिकृत फेरविक्रीवर लक्ष ठेवा. ज्या सीझन तिकीटवाल्याला यायला जमत नाही तो आपली जागा तिथे छापील दराच्या हिशोबाने सोडतो. मॅचच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी तिथे एकेक खुर्ची उगवते आणि मिनिटभरात जाते. दोघांनी शेजारी बसायचा हट्ट सोडला तर निम्मं काम सोपं होतं. नवराबायकोला मॅचपुरतं वेगळं बसायला काय हरकत आहे? मध्यंतरात चहाला भेटा.

जुन्या मैदानांवर अडलेल्या दृश्याच्या जागाही असतात. क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर छताचे खांब मध्ये येतात. साइटवर तशी स्पष्ट सूचना असते आणि दर कमी असतो. मान थोडी इकडेतिकडे करायची तयारी असेल तर वाईट नाही.

दलालाकडून घेऊ नका

इथे आवाज चढवून बोलतो. शोधायला गेलात की सगळ्यात वर ज्या साइट्स येतात, "शेवटची चार तिकिटं" म्हणत घड्याळ उलटं पळवतात, त्या क्लबच्या नसतात. तिथे तिप्पट-चौपट दर असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये व्यावसायिक फुटबॉल मॅचचं तिकीट परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्याच्या कलम १६६ खाली गुन्हा आहे. शिक्षा विकणाऱ्याला होते, पण दारातून परत फिरतो तो विकत घेणारा.

आता कागदी तिकीटही राहिलं नाही, फोनमधला पास दारातल्या यंत्राला दाखवायचा असतो. दलालांनी त्यावरही तोड काढलीय. नगरहून शिकायला आलेल्या एका पोराची गोष्ट सांगतो. त्याने तीनशे पौंड मोजले. सांगितल्याप्रमाणे स्टेशनबाहेरच्या कबाबच्या दुकानापाशी गेला तर एका माणसाने त्याच्या हातात जुना, काच तडकलेला फोन ठेवला. त्यात कुणाच्या तरी नावाचा पास. "फोन परत देईपर्यंत शंभर पौंड अनामत." पोराने तेही दिले. दाराशी फोन टेकवला, लाल दिवा. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. क्लबने ते सदस्यत्व आधीच बंद केलं होतं. दारावरची बाई भली होती, तिने शांतपणे समजावलं, पण आत काही सोडलं नाही. कबाबच्या दुकानापाशी अर्थातच कुणी नव्हतं. तो तडकलेला फोन अजून त्याच्या खोलीत आहे, चार्जरसुद्धा बसत नाही त्याला.

परदेशी पाहुण्याला तरी खात्रीचं तिकीट हवंच असेल तर क्लब स्वतः जेवणखाणासकट पॅकेज विकतो. दोनशे पौंडांच्या पुढे. महाग आहे, पण निदान दार उघडतं.

ही महागाई आपल्यामुळेही आहे

मॅच बघायच्या मार्गदर्शनात हे कशाला, असं वाटेल. पण शेजारच्या खुर्चीवरचा म्हातारा तुमच्याकडे जरा तिरकं का बघतो ते कळायला हवं.

१९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत ९७ लिव्हरपूल समर्थकांचा जीव गेला. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या अहवालाने सांगितलं की मोठ्या मैदानांवर उभं राहायचे कट्टे काढा, सगळीकडे खुर्च्या टाका. त्याच अहवालात असंही होतं की उभं राहणाऱ्याच्या खिशाला झेपेल असा खुर्चीचा दर ठेवता येईल. दाखला दिला होता ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचा, तिथे बसायचे सहा पौंड आणि उभं राहायचे चार. खुर्च्या बसवल्या गेल्या. दराचा सल्ला मात्र कुणी फारसा मनावर घेतला नाही. १९९२ मध्ये प्रीमियर लीग निघाली, टीव्हीचा पैसा आला, जगभरातून प्रेक्षक आले आणि दर महागाईच्या कितीतरी पुढे पळाले.

लोक गप्प बसले नाहीत. ६ फेब्रुवारी २०१६ ला लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर लिव्हरपूल विरुद्ध संडरलँड मॅच होती. नव्या मेन स्टँडमधल्या महागड्या जागेचा दर पुढच्या हंगामापासून ७७ पौंड होणार, असं नुकतंच जाहीर झालं होतं. बरोबर ७७व्या मिनिटाला हजारो माणसं उठली आणि मैदानाबाहेर चालू लागली. तेव्हा लिव्हरपूल २-० ने पुढे होतं. मॅच २-२ अशी सुटली. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दरवाढ मागे घेतली. बाहेरगावी संघामागे जाणाऱ्यांचं तिकीट वीस पौंडांवर नको म्हणून समर्थकांच्या संघटनेची मोहीमही तेव्हा चालू होती. वीस काही झालं नाही, पण २०१६-१७ पासून प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या समर्थकांच्या तिकिटाला तीस पौंडांची मर्यादा आली. (तो तीसचा दर बघून हुरळू नका. ती तिकिटं वर्षानुवर्षं संघामागे फिरणाऱ्यांना, आधी बघितलेल्या मॅचेसच्या गुणांप्रमाणे मिळतात, तुम्हाआम्हाला नाही.)

उलट दिशेचंही उदाहरण ताजं आहे. २०२४ च्या अखेरीस, हंगाम चालू असताना, मँचेस्टर युनायटेडने सदस्यांसाठी उरलेल्या तिकिटांचा दर सरसकट ६६ पौंड केला. लहान मुलांना नाही, पेन्शनवाल्यांना नाही, सवलत कुणालाच नाही. मोठा गदारोळ झाला.

इथल्या समर्थकांचं म्हणणं असं की, दर आठवड्याला येणारा माणूस घरून सँडविच आणतो आणि मॅच संपली की बस पकडतो. वर्षातून एकदा येणारा पाहुणा मात्र जर्सी घेतो, स्कार्फ घेतो, म्युझियम बघतो. मग क्लबला कोण हवाहवासा वाटणार? मला हे पटतं, आणि तो पाहुणा बऱ्याचदा आपल्यातलाच असतो हेही दिसतं. म्हणून दलालाला चारपट देऊन वर "परवडतं आपल्याला" अशी स्टोरी टाकणाऱ्यांचा मला राग येतो. तुम्हाला परवडलं, पण त्या भावामुळे इथल्या कुणाची तरी जागा गेली.

कपाच्या मॅचेस

मोठा क्लब स्वस्तात बघायचा हा एकमेव खात्रीचा मार्ग. लीग कप स्पर्धेत प्रीमियर लीगचे संघ ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत उतरतात, एफए कप (इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेचा कप) स्पर्धेत जानेवारीत, तिसऱ्या फेरीपासून. सुरुवातीच्या फेऱ्यांत समोर खालच्या लीगचा संघ असतो. सीझन तिकीटवाले त्या रात्री घरी राहतात, आणि लीगच्या निम्म्या दरात किंवा त्याहून कमीत जागा विकायला येतात. मोठे खेळाडू बाकावर बसलेले दिसतील, पण मैदान तेच, दिवे तेच, गाणी तीच. सप्टेंबरात विद्यापीठात येणाऱ्या पोरांनी इकडे आल्याबरोबर ही तारीख बघावी.

माझा शनिवार

आता मी स्वतः काय करतो ते सांगतो. इलफर्डहून एलिझाबेथ लाइनने स्ट्रॅटफर्ड, तिथून सेंट्रल लाइनने एकच स्टेशन, लेटन. बाहेर पडून हाय रोडने दहाएक मिनिटं चाललं की कोरोनेशन गार्डन्स लागतं. बागेत लॉरी कनिंगहॅमचा पुतळा आहे. इथल्या लेटन ओरिएंट क्लबमधून पुढे येऊन रेआल माद्रिदला गेलेला हा खेळाडू. बागेच्या पलीकडे ब्रिस्बेन रोड, ओरिएंटचं मैदान. वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी पुढे इंग्लंडचा कर्णधार झालेला हॅरी केन इथे टॉटनहॅमकडून उसना खेळायला आला होता.

मैदान नऊ-साडेनऊ हजार प्रेक्षकांचं. चारही कोपऱ्यांवर फ्लॅटच्या इमारती उभ्या आहेत, क्लबने पैशांच्या अडचणीत कोपऱ्यांची जमीन विकली होती त्यातून आलेल्या. मॅचच्या दिवशी फ्लॅटवाले खुर्च्या टाकून बाल्कनीत बसतात, चहाचे मग कठड्यावर. एक आजोबा नेहमी पांघरूण गुंडाळून असतात. फुकटात मॅच, अन् शेजारी स्वतःचा संडास! खाली आम्ही पंचवीस-तीस पौंड मोजून वाऱ्यात बसलेलो. गोलकीपर काय ओरडतो ते ऐकू येतं. लाइन्समनला घातलेल्या शिव्या लाइन्समनला ऐकू येतात, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशा तिथल्या तालीम संघांच्या मॅचेस बघून वाढलेल्या माणसाला एमिरेट्सच्या वरच्या मजल्यावरून तो जिव्हाळा मिळत नाही.

दिवसाचा हिशोब: तिकीट साधारण अठ्ठावीस, जाऊन-येऊन ट्यूब पाच-सहा, पाय (सारण भरलेली भाजकी पेस्ट्री) आणि चहा सात-आठ. चाळीसच्या आसपास सगळं. मुलांचं तिकीट याच्या कितीतरी खाली. सदस्यत्व लागत नाही, सोडत नाही, चार दिवस आधी साइटवर जाऊन हवी ती जागा घ्यायची. चार्लटन, मिलवॉल, क्वीन्स पार्क रेंजर्स (क्यूपीआर), विम्बल्डन, बार्नेट, ब्रॉमली असे लंडनमध्येच कितीतरी क्लब आहेत, त्यातला तुमच्या स्टेशनजवळचा धरा.

त्याहून खाली उतरलात तर आणखी मजा. अर्धवेळ खेळाडूंच्या, म्हणजे सोमवारी सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या लीगमध्ये दहा-पंधरा पौंडांत काम होतं, बऱ्याच ठिकाणी दारातच पैसे देता येतात. कठड्याला टेकून उभं राहायचं, मध्यंतरात आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार त्या बाजूला चालत जायचं. हातात बियर घेऊन मॅच बघता येते; वरच्या लीगमध्ये मात्र मैदान दिसेल अशा जागी दारू प्यायला १९८५ पासून कायद्याने बंदी आहे. फॉरेस्ट गेटला ओल्ड स्पॉटेड डॉग नावाचं जुनं मैदान आहे, तिथे समर्थकांच्याच मालकीचा क्लॅप्टन कम्युनिटी फुटबॉल क्लब खेळतो. ढोल, गाणी, बॅनर, सगळं पेठेतल्यासारखं. तुम्ही मँचेस्टरला असाल तर एफसी युनायटेड बघा. २००५ मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड विकत घेतल्यावर चिडलेल्या समर्थकांनी काढलेला हा क्लब आता मोस्टनच्या ब्रॉडहर्स्ट पार्कवर खेळतो. सीझन तिकिटाला ठरलेल्या किमान रकमेच्या वर जेवढं झेपेल तेवढं द्या, अशी पद्धत त्यांनी आणली.

महिलांच्या सुपर लीगला तर आपले लोक विनाकारण विसरतात. दहा-पंधरा पौंडांपासून तिकीट मिळतं. एमिरेट्स आतून बघायचंच असेल तर आर्सेनलच्या महिला संघाची मॅच घ्या, आई-बाबांनाही न्या. टॉटनहॅमच्या मुली ब्रिस्बेन रोडवरच खेळतात, वेस्ट हॅमच्या डॅगनमला.

आता फुटकळ पण पैसे वाचवणाऱ्या गोष्टी

वेळापत्रकात शनिवार दुपारी तीन लिहिलंय म्हणून रेल्वेचं स्वस्त आगाऊ तिकीट लगेच काढू नका. टीव्हीवाले नंतर मॅच उचलतात आणि ती शनिवारी साडेबारा, रविवारी साडेचार किंवा थेट सोमवारी रात्री जाते. ते जाहीर झाल्यावरच गाडी आणि हॉटेल. (शनिवारी तीनची मॅच इंग्लंडात टीव्हीवर दाखवायला बंदी आहे, त्यामुळे जी मॅच मला इथे दिसत नाही ती भाच्याला कोल्हापुरात सोफ्यावर दिसते. मग तोच मला स्कोअर कळवतो.) विद्यार्थ्यांनी रेलकार्ड घ्यावंच, एक तृतीयांश भाडं वाचतं आणि एका लांबच्या फेरीत त्याची बरीचशी किंमत वसूल होते.

बहुतेक मोठ्या मैदानांवर ए-फोर कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही, आणि ठेवायला गेलात तर पैसे. विमानतळावरून सूटकेस घेऊन थेट मॅचला येणारेही बघितलेत मी. खाणं बाहेर उरकून घ्या, आत सगळं महाग.

आणि तिकीट कोणत्या बाजूचं आहे ते नीट वाचा. आपली मंडळी लिव्हरपूलची भक्त, पण लिव्हरपूलचं तिकीट मिळत नाही म्हणून फुलहॅम किंवा ब्रेंटफर्डच्या घरच्या स्टँडमध्ये जागा घेतात आणि आत लाल जर्सी घालून बसतात. असं चालत नाही. यजमानांच्या स्टँडमध्ये पाहुण्या संघाचे रंग घातलेत किंवा त्यांच्या गोलवर उडी मारलीत तर मैदानाचे कर्मचारी येऊन बाहेर काढतात, पैसे परत मिळत नाहीत आणि ज्याच्या सदस्यत्वावर तिकीट काढलं असेल त्याचं खातंही गोत्यात येतं. तेव्हा साधं जाकीट घाला, आणि लिव्हरपूलने गोल मारला तर हात मांडीखाली दाबून गप बसा. ते जमणार नसेल तर सरळ पबमध्ये जाऊन मॅच बघा, एका ग्लासच्या पैशांत होते.